पर्सन, पीपल, पीपल्स

इंग्रजीत माणसांच्या समूहासाठी सर्वांत सहज वापरला जाणारा शब्द ‘पीपल’ हा असून, इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो बहुधा ‘पर्सन’ या एकवचनाचे अनियमित अनेकवचन म्हणून शिकवला जातो. ही शिकवण चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण त्याच रूपाआड दुसरे एक नाम दडलेले आहे, जे स्वतः एकवचनी आहे, ज्याच्याआधी ‘अ’ हे अनिश्चित उपपद येऊ शकते, ज्याला ‘एस’ लागून ‘पीपल्स’ असे रीतसर अनेकवचन होते आणि ज्याचा अर्थ सुटी माणसे असा नसून समान भाषा, इतिहास किंवा राज्यसंस्था यांनी बांधलेला जनसमुदाय असा आहे. पहिल्या नामाने माणसे मोजली जातात, दुसऱ्याने समाज आणि राष्ट्रे. ही दोन नामे एकाच रूपात नांदत असल्यामुळे ‘पीपल’पुढे कोणते उपपद आहे आणि मागे ‘एस’ आहे की नाही, यावर राज्यघटनांचे आणि आंतरराष्ट्रीय करारांचे अर्थ अवलंबून राहिले आहेत.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘पोपुलुस’मध्ये आहे. प्राचीन रोममध्ये या शब्दाचा सैन्याशी निकटचा संबंध होता, हे दाखवणाऱ्या दोन खुणा त्या भाषेतच उरल्या आहेत : संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या सर्वाधिकाऱ्याचे जुने पदनाम ‘मागिस्तेर पोपुली’, म्हणजे ‘पोपुलुस’चा नायक, असे होते, आणि ‘पोपुलारी’ या क्रियापदाचा अर्थ मुलूख लुटून उद्ध्वस्त करणे असा होता. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात ‘पोपुलुस’ म्हणजे नागरिकांचा समस्त समुदाय, असा अर्थ रूढ झाला. रोमची सेनेट आणि रोमची जनता असा जोड उल्लेख करणारी ‘एसपीक्यूआर’ ही आद्याक्षरे त्या शहरातील गटारांच्या झाकणांवर आजही दिसतात. पब्लिक, रिपब्लिक, पॉप्युलर, पॉप्युलेशन हे सगळे त्याच घराण्यातले शब्द. लॅटिनमधला हा शब्द व्याकरणाने एकवचनी होता, तेव्हा इंग्रजी ‘पीपल’चा समुदायवाचक एकवचनी अर्थ हा नंतर चिकटलेला नसून तोच मूळचा आहे.

1066 मध्ये नॉर्मन राजवट आल्यानंतर इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंच भाषा शिरली आणि तिच्यामार्फत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळला. त्यापूर्वी जुन्या इंग्रजीत याच अर्थाचे तीन देशी शब्द होते : ‘फोल्क’, ‘लेओड’ आणि ‘थेओड’. पैकी ‘फोल्क’ आजच्या ‘फोक’च्या रूपाने जिवंत राहिला, पण मुख्यतः लोकगीत, लोककथा अशा जोडशब्दांत आणि घरगुती बोलण्यात, ‘लेओड’ लोपला, मात्र त्याचा सख्खा भाऊ जर्मन भाषेत ‘लॉइटे’ म्हणून रोज वापरला जातो, आणि ‘थेओड’ नाहीसा झाला तरी त्याच्याच कुळातून ‘डॉइच’ आणि ‘डच’ ही भाषानामे निघाली. ‘पीपल’च्या इंग्रजी लेखनात उच्चारात न येणारा जो ‘ओ’ दिसतो, तो फ्रेंचमधून आलेल्या एका स्वराची खूण आहे. स्वर सपाट झाला, अक्षर मागे राहिले. ‘लेपर्ड’ आणि ‘जेपर्डी’ या शब्दांच्या लेखनातही तोच मूक ‘ओ’ आहे.

‘पीपल’ला ‘एस’ जोडणे इंग्रजांच्या कानाला दीर्घकाळ खटकत असावे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात ‘पीपल्स’ हे रूप अवघे दोनदा, तेही शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात, आढळते. अन्यत्र मूळ हिब्रूत स्पष्ट अनेकवचन असतानाही भाषांतरकारांनी ‘पीपल’वरच भागवले, त्यामुळे मजकूर एका समाजाविषयी आहे की अनेक समाजांविषयी, हे कित्येक ठिकाणी वाचकाला कळेनासे झाले. एकोणिसाव्या शतकातील सुधारित आवृत्तीने अशा ठिकाणी ‘एस’ परत आणला.

उपपद किंवा संख्या नसलेला नुसता ‘पीपल’ हा आणखी एक निराळे काम करतो. मराठीत कर्ता न सांगता ‘असे म्हणतात’ एवढे म्हणून वाक्य पुरे होते. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता लागतोच. जुन्या इंग्रजीत ही गरज ‘मान’ हा शब्द भागवत असे, जसे आजही जर्मन भाषेत ‘मान’ आणि फ्रेंचमध्ये लॅटिन ‘होमो’वरून आलेला ‘ऑं’ हा शब्द भागवतो. पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजीतले हे सर्वनाम विरून गेले आणि त्याची जागा ‘वन’, ‘दे’, ‘यू’ आणि ‘पीपल’ यांनी वाटून घेतली. ‘पीपल से’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणतीही ठरावीक माणसे नसतात. येथे ‘पीपल’ नाव नामाचे मिरवत असला तरी काम सर्वनामाचे करतो.

आता मोजणीकडे वळू. ‘पर्सन’ हा शब्द लॅटिन ‘पेर्सोना’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ नटाचा मुखवटा असा होता, मुखवट्यावरून पात्र, पात्रावरून समाजातील किंवा न्यायालयातील भूमिका आणि त्यावरून त्या भूमिकेचा धनी असलेला माणूस, असा अर्थाचा प्रवास झाला. ‘पर्सन’चे नियमित अनेकवचन ‘पर्सन्स’ असे होते आणि ते व्याकरणशुद्ध आहे. तरीही रोजच्या वापरात ती जागा ‘पीपल’ने बळकावली. एका शब्दाच्या रूपावलीत वेगळ्याच मुळाचा शब्द येऊन बसण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात पूरकता म्हणतात. मराठी वाचकाला तो अपरिचित नाही. ‘जातो’ आणि ‘गेला’ ही एकाच क्रियापदाची रूपे मानली जात असली, तरी पहिले संस्कृत ‘या’ धातूवरून आणि दुसरे ‘गत’वरून आलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात काही इंग्रजी भाषाशिक्षकांना आणि वृत्तपत्रांच्या संपादकांना ही घुसखोरी मान्य होईना. संख्या निश्चित असेल तेथे ‘पर्सन्स’ आणि समूह मोघम असेल तेथे ‘पीपल’ वापरावे, असा नियम त्यांनी घालून दिला. अमेरिकेतील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 मधील आपल्या लेखनविषयक छोट्या पुस्तकात या नियमाचे समर्थन एका कोड्याने केले : सहा ‘पीपल’पैकी पाच निघून गेले तर किती ‘पीपल’ उरतील? कोडे मजेदार असले तरी युक्तिवाद लंगडा आहे, कारण पूरक रूपांबाबत असा प्रश्नच उद्भवत नाही. पाच गेल्यावर एक ‘पर्सन’ उरतो, एवढेच त्याचे उत्तर. शिवाय मोठ्या संख्येबरोबर ‘पीपल’ योजण्याची रीत चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या लेखनातही होती, म्हणजे नियम शब्दाहून पाच शतकांनी लहान होता. गंमत अशी, की स्ट्रंक यांना हवी असलेली शिस्त मराठीने आपणहून पाळली आहे : ‘लोक’ हा शब्द मराठीत मोघम समूहासाठी आणि मोजायचे झाले की ‘पाच जण’ किंवा ‘पाच माणसे’. अलीकडे बातम्यांत वाचायला मिळणारे ‘पाच लोक’ हे जुन्या वळणाच्या मराठीत बसत नाही.

बोलण्यातून हद्दपार झालेले ‘पर्सन्स’ आता पाटीवर, पोलिसी भाषेत आणि कायद्यात टिकून आहे. भारतातील लिफ्टमध्ये लावलेल्या पत्र्यावर ‘6 पर्सन्स, 408 किलो’ किंवा ‘8 पर्सन्स, 544 किलो’ असे लिहिलेले असते. भागाकार केला तर दोन्हींत माणशी वजन 68 किलो निघते. येथे ‘पर्सन’ म्हणजे कोणी विशिष्ट माणूस नसून भार मोजण्याचे एक एकक आहे आणि अशा जागी ‘पीपल’ लिहिलेले विचित्र दिसले असते. हरवलेल्या व्यक्तींची पोलिसी यादी आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा भारतीय कायदा यांच्या इंग्रजी नावांतही ‘पर्सन्स’ आहे, कारण हक्क आणि तपास दोन्ही एकेका माणसाशी निगडित असतात.

कायद्याने मात्र ‘पर्सन’ची व्याप्ती माणसापुरती ठेवलेली नाही. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार, म्हणजे इतर कायद्यांतील नेहमीच्या शब्दांचे अर्थ ठरवून देणाऱ्या कायद्यानुसार, ‘पर्सन’मध्ये कंपनी, संघ आणि व्यक्तींचा समूह यांचाही समावेश होतो, तर 1925 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, हिंदू देवमूर्तीला विधिक व्यक्तित्व असल्याचे सांगितले. कंपनीला आणि देवाला सहज मिळालेले हे स्थान स्त्रियांना मात्र झगडून मिळवावे लागले. वकिलीचा अर्ज करणाऱ्या रेजिना गुहा यांना 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि सुधांशुबाला हाजरा यांना 1921 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने नकार दिला. वकिलीविषयक कायद्यात ‘पर्सन’ असा लिंगनिरपेक्ष शब्द होता आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात असे वाक्खंड अधिनियम सांगत होता, तरी न्यायाधीशांनी रूढीचा कौल मानला. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1921 मध्ये केली आणि 1923 च्या स्वतंत्र कायद्याने हा प्रश्न देशभर निकालात निघाला. कॅनडात हेच भांडण सिनेटच्या सदस्यत्वावरून झाले. 1867 च्या कायद्यातील ‘पात्र पर्सन्स’मध्ये स्त्रिया येत नाहीत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1928 मध्ये ठरवले, तेव्हा एमिली मर्फी आणि त्यांच्या चार सहकारी स्त्रिया प्रिव्ही कौन्सिलकडे गेल्या आणि 18 ऑक्टोबर 1929 रोजी तो निर्णय उलटला.

‘पर्सन’ आणि ‘पीपल’ यांच्यातले अंतर किती क्रूर असू शकते, याचा पुरावा अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. 1787 च्या या घटनेचा आरंभ ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे पीपल’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. आधीच्या मसुद्यात या जागी तेरा संस्थानांची नावे एकामागून एक दिलेली होती. परंतु त्यांतली कोणती संस्थाने घटनेला मंजुरी देतील हे अगोदर सांगता येत नव्हते, म्हणून गव्हर्नर मॉरिस (‘गव्हर्नर’ हे त्यांचे पाळण्यातले नाव, पद नव्हे) ज्या समितीचे सदस्य होते त्या भाषाशुद्धी समितीने ती यादी काढून टाकली. व्यवहाराच्या अडचणीतून झालेल्या या काटछाटीने घटनेचा कर्ताच बदलला आणि तेरा समाजांच्या जागी एक समाज बोलू लागला. व्हर्जिनियाच्या 1788 मधील मंजुरी परिषदेत पॅट्रिक हेन्री यांनी नेमका यावरच हल्ला चढवला : ‘आम्ही संस्थाने’ न म्हणता ‘आम्ही पीपल’ असे म्हणण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? त्यांचा आक्षेप मतांनी हरला, पण शब्दाचे वजन त्यांनी अचूक ओळखले होते.

त्याच घटनेत काही ओळी पुढे गेले, की पहिल्या अनुच्छेदात प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी लोकसंख्या कशी मोजावी हे सांगितले आहे : स्वतंत्र माणसे पूर्ण धरावीत आणि ‘इतर सर्व पर्सन्स’ तीन-पंचमांश धरावेत. हे ‘इतर’ म्हणजे गुलाम. ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत येऊ दिलेला नाही. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी ‘पर्सन’ला विशेषणे आणि उपवाक्ये जोडून आडवळणाने काम भागवले आहे. म्हणजे ज्यांची मोजणी होते, तीही अपूर्णांकात, ते ‘पर्सन्स’ आणि ज्यांच्या नावाने घटना बोलते ते ‘पीपल’. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ही दरी उघड शब्दांत मांडली. ‘संयुक्त संस्थानांचे पीपल’ आणि ‘नागरिक’ हे समानार्थी शब्द असून आफ्रिकी वंशाचे लोक त्यांत मोडत नाहीत, असा त्यांचा निवाडा होता. यादवी युद्धानंतर 1868 मध्ये झालेल्या चौदाव्या दुरुस्तीने उत्तर देताना ‘पीपल’ या शब्दाला हातच लावला नाही. देशात जन्मलेले सर्व ‘पर्सन्स’ नागरिक होत, असे तिने म्हटले आणि जागावाटपासाठी ‘पर्सन्स’ची पूर्ण संख्या मोजायला सांगितले. दुरुस्ती करणाऱ्यांनी मुद्दाम खालचा, मोजणीचा शब्द हाती घेऊन त्यालाच नागरिकत्वाचा आधार बनवले, ही घटनालेखनातली मोठी कारागिरी म्हणावी लागेल. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांत आजही फौजदारी खटला ‘पीपल’ विरुद्ध आरोपी या नावाने चालतो. भारतात त्या जागी ‘राज्य’ असते आणि ब्रिटनमध्ये राजा.

भारतीय घटनेच्या उद्देशिकेनेही ‘पीपल’ला कर्ता केले आणि तिच्या मराठी रूपात त्यासाठी ‘भारताचे लोक’ ही शब्दयोजना आली. ‘जनता’ हा शब्द अर्थाने चालला असता, पण तो स्त्रीलिंगी एकवचनी आहे आणि ‘आम्ही’ या सर्वनामाशी त्याचा मेळ बसला नसता. इंग्रजी ‘पीपल’ला एकवचन आणि अनेकवचन या दोन्ही डगरींवर पाय ठेवता येतो, तशी सोय येथे नाही. लोकसभेचे घटनेतील इंग्रजी नाव ‘हाउस ऑफ द पीपल’ असे आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात मात्र ‘पीपल’ बाजूला राहतो आणि ‘पर्सन’ व ‘सिटिझन’ या दोन शब्दांत वाटणी होते : भाषण, संचार, संघटना यांची स्वातंत्र्ये देणारा अनुच्छेद 19 नागरिकांपुरता आहे, तर कायद्यापुढील समानतेचा अनुच्छेद 14 आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद 21 कोणत्याही ‘पर्सन’ला लागू होतात. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांच्या जिवाचे रक्षण करण्याचे आदेश दिले, ते याच शब्दाच्या बळावर.

‘एस’ची कहाणी याहून अलीकडची आहे. 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असताना दक्षिण आफ्रिकेच्या यान स्मट्स यांचा प्रास्ताविकाचा मसुदा करार करणाऱ्या पक्षांच्या नावाने, म्हणजे नेहमीच्या तहाच्या भाषेत, सुरू होत होता. अमेरिकी प्रतिनिधिमंडळाने आपल्या घटनेचा धागा पकडून तेथे ‘आम्ही पीपल्स’ अशी सुरुवात सुचवली. येथे ‘एस’ अटळ होता, कारण जगाचा एकच ‘पीपल’ आहे असे म्हणायला कोणीही तयार नव्हते. या प्रास्ताविकाच्या रचनेत एक विसंगती राहून गेली आहे : वाक्याचा आरंभ ‘पीपल्स’नी होतो आणि शेवटी सनदेला संमती देतात ती त्यांची सरकारे.

सनदेच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘पीपल्स’च्या स्वयंनिर्णयाचा उल्लेख आला आणि 1966 च्या दोन मानवाधिकार करारांनी सर्व ‘पीपल्स’ना स्वयंनिर्णयाचा अधिकार असल्याचे जाहीर केले. त्या क्षणापासून ‘पीपल’ कोण हा प्रश्न भूगोलाचा झाला, कारण ज्याला स्वतंत्र ‘पीपल’ म्हणावे तो उद्या वेगळे राज्य मागू शकतो. भारताने 1979 मध्ये हे करार स्वीकारताना असे निवेदन जोडले, की स्वयंनिर्णयाचा अधिकार परकीय अमलाखालील ‘पीपल्स’पुरता असून सार्वभौम देशांना किंवा एखाद्या ‘पीपल’च्या वा राष्ट्राच्या भागाला तो लागू नाही. आफ्रिकी देशांनी 1981 मध्ये नैरोबीत स्वीकारलेल्या सनदेने उलट वाट धरली आणि माणसांच्या हक्कांबरोबर ‘पीपल्स’चे हक्क शीर्षकातच घातले. तेथे षष्ठीची खूण असलेला स्वल्पविरामासारखा ॲपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या नंतर येतो, म्हणजे हक्क अनेक समुदायांचे आहेत; उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या किंवा 1943 मध्ये तेथेच उभ्या राहिलेल्या इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या इंग्रजी नावात तो ‘एस’च्या आधी येतो, म्हणजे संस्था एका जनतेची आहे. देवनागरीत ही खूण नसल्यामुळे तिन्ही ठिकाणी ‘पीपल्स’ असेच लिहावे लागते आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लावावा लागतो.

सर्वांत चिवट भांडण आदिवासी समाजांच्या नावावरून झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1957 च्या कराराच्या शीर्षकात त्यांच्यासाठी ‘पॉप्युलेशन्स’, म्हणजे लोकसंख्या, असा निव्वळ गणनेचा शब्द होता. भारताने तो करार 1958 मध्ये मान्य केला. 1989 च्या नव्या करारात तेथे ‘पीपल्स’ आले, पण पहिल्याच अनुच्छेदात असा खुलासाही आला, की या शब्दाला आंतरराष्ट्रीय कायद्यातले कोणतेही हक्क चिकटलेले समजू नयेत. शब्द द्यायचा आणि त्याचे वजन काढून घ्यायचे, अशी ही तडजोड होती. 1993 हे जागतिक वर्ष आदिवासी ‘पीपल’चे म्हणून साजरे झाले, त्यात ‘एस’ नव्हता, आणि पुढची दोन दशकेही त्याच एकवचनी नावाने जाहीर झाली. अनेक आदिवासी संघटनांनी त्या काळात ‘एस’ची मागणी लावून धरली होती. 13 सप्टेंबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘पीपल्स’ होते; 144 देशांनी बाजूने मत दिले, त्यांत भारत होता, आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिका या चार देशांनी विरोध केला. त्याच जाहीरनाम्याचा शेवटचा अनुच्छेद 46 सार्वभौम राज्यांच्या प्रादेशिक अखंडतेला बाध येईल असा अर्थ काढण्यास मनाई करतो, आणि ती मनाई कोणाकोणाला आहे हे सांगताना राज्य, ‘पीपल’, गट आणि ‘पर्सन’ हे चारही शब्द एकवचनात एका ओळीत मांडतो.